बिनफोडणीचं गाव

"यापुढे या देशात कोणताही रोग न कळवता येऊ शकणार नाही," असं भोपाळहून आलेल्या तज्ज्ञांनी बुऱ्हाणपूरच्या सभागृहात जाहीर केलं आणि समोरचं पाणी असं ठामपणे प्यायले, की ग्लासातल्या जंतूंनाही परिपत्रक पोचलं असावं.

त्यांचं म्हणणं साधं होतं. माणसाला बरं वाटेनासं झालं की तो आधी डॉक्टरकडे जात नाही, मोबाईलकडे जातो. पोटात मुरडा, उतरत नसलेला ताप, जे असेल ते तिथं टाइप करतो. कुणी टाइप केलं हे सरकारला कळत नाही, कळायला नकोच. पण कुठल्या भागातून किती जणांनी काय शोधलं हे मोजता येतं. एका गावातून एकाच रोगाचे शोध अचानक वाढले, की 'गरुडनेत्र' नावाचा प्रोग्राम नकाशावर त्या गावाला लाल ठिपका देतो. म्हणजे रोगी दवाखान्यात पोचायच्या आत सरकार गावात पोचलेलं.

चहाच्या सुट्टीत हॉलमधल्या ऐंशी कर्मचाऱ्यांनी, एकमेकांना न सांगता, हे खरं आहे का बघायला मोबाईलवर हैजा, म्हणजे आपला कॉलरा, टाइप केला. सव्वातीनला लाल ठिपका त्याच सभागृहावर उमटला. चारला ब्लीचिंग पावडरची गाडी आली आणि उंबऱ्यापासून व्यासपीठापर्यंत सगळं पांढरं करून गेली. यंत्रणा चोख चालते याला याहून मोठा पुरावा नाही, असं तज्ज्ञ म्हणाले, आणि सगळ्यांनी अंगावरची पावडर झटकत टाळ्या वाजवल्या.

या नकाशासमोर रोज दहा ते साडेसहा बसायचं काम निरंजनच्या वाट्याला आलं. निरंजन आरोग्य खात्यात सांख्यिकी सहायक. सत्तावीस वर्षं त्यानं ताप, जुलाब आणि कुत्रं चावलेले इसम वेगवेगळ्या रकान्यांत बसवले होते. स्वतः मात्र त्याला एका जागी बसता येत नसे. पंखा कुरकुरला तरी उठून बघणार, नळ ठिबकला तरी उठून बघणार. आता तर समोर अख्खा जिल्हा, आणि अख्खा जिल्हा हिरवागार. लाल ठिपका आला असता तर माणसानं काहीतरी केलं असतं. हिरव्याचं काय करायचं? दर दोन मिनिटांनी तो नकाशा ताजा करायचा. बोटाला अशी सवय लागली, की जेवताना वरणाच्या वाटीवरही ते टकटक करायचं. त्याची बायको कमल म्हणायची, "अहो, वरण तेच आहे. बदलणार नाही."

अस्वस्थतेला आणखी एक कारण घरातच होतं. मुलगी रश्मी सातव्या महिन्यात होती आणि डॉक्टरला दाखवायला आठ दिवस माहेरी आली होती. येत्या रविवारी तिच्या सासरी, फोपनारला, डोहाळजेवण होतं. विहीणबाई वैजयंतीबाई गावच्या महिला बचत गटाच्या अध्यक्ष. दीडशे बायकांना आवतण गेलेलं, अंगणात मांडव पडलेला, फुलांचा झोपाळा जळगावहून येणार. जावई चेतन रविवारी नऊला गाडी घेऊन येणार होता. साहजिकच नकाशावर निरंजनचं बोट सगळ्यात जास्त फोपनारवर फिरायचं. फोपनार हिरवं होतं. ते केळीमुळे तसंही हिरवंच असतं.

गंमत सुरू झाली ती मंगळवारी. गरुडनेत्रात रोगांच्या यादीखाली 'इतर' नावाचा एक रकाना होता. जे शोध कुठल्याच रोगात बसत नाहीत ते प्रोग्राम तिथं फेकून द्यायचा. क्रिकेट, मेंदी, केळीवरची फवारणी, सगळं तिथं. निरंजनला फेकलेलं उचलून बघायची सवय. फोपनारच्या रकान्यात त्याला दिसलं: 'बिना तड़के की सब्ज़ी कैसे बनाएं'. नऊ वेळा. बुधवारी चोवीस वेळा, आणि सोबत 'बिना छौंक की दाल'. गुरुवारी एकेचाळीस.

आता फोपनारचं जेवण निरंजनला ठाऊक होतं. लेक तिथं देऊन तीन वर्षं झाली होती. त्या गावात भाजीवर तेलाचा तवंग बोटभर नसला तर पाहुणा रुसून उठतो. फोडणीचा ठसका लागून रस्त्यावरचा सायकलवाला खोकतो. असं गाव एकाएकी बिनफोडणीची भाजी कशी करतात हे विचारायला लागलं, तर काहीतरी झालेलं असणार. पण काय, ते कळेना. तो खुर्चीवरून उठला, खिडकीपर्यंत गेला, परत आला, पुन्हा उठला. शेवटी त्याचे साहेब, डॉक्टर भूपेंद्र, यांच्या केबिनमध्ये गेला.

भूपेंद्रसाहेबांना मात्र लगेच कळलं. दीड महिन्यापूर्वी त्यांनी 'तेल कम, जीवन में दम' नावाची मोहीम काढली होती आणि तिची चारशे पत्रकं छापली होती. त्यातली तीनशे ऐंशी अजून कपाटात होती. उरलेली वीस कुठं गेली हे कुणालाच माहीत नव्हतं. साहेबांच्या मते आता ते उघड झालं होतं. त्यांनी तिथल्या तिथं भोपाळला पत्र लिहवून घेतलं, की आमच्या मोहिमेमुळे फोपनार या गावानं फोडणीचा त्याग केला असून एकेचाळीस कुटुंबं स्वयंस्फूर्तीनं मार्गदर्शन शोधत आहेत. पत्राखाली आकडेवारी निरंजनच्या सहीनं गेली. आकडे खरेच होते, त्यामुळे त्याला सही नाकारता आली नाही.

संध्याकाळी ताट वाढता वाढता त्यानं हे कमलला सांगितलं. हसण्यासारखं म्हणूनच सांगितलं. कमल हसली नाही. हातातली पळी तिनं पातेल्यात परत ठेवली.

"किती घरं म्हणालात?"

"एकेचाळीस शोध. घरं थोडी कमी असतील."

"आणि पापड कसे भाजायचे, कढईशिवाय, असं काही?"

निरंजनला आठवलं. तेही होतं, सहा वेळा.

"तुमच्या मशीनला कळत नाही ते ठीक, पण तुम्हालाही कळू नये?" कमल हळू आवाजात म्हणाली. "गावात माता आलीय."

आणि निरंजनच्या डोक्यात फोडणी तडतडली. घरात कुणाला कांजण्या निघाल्या, की ती माता. ती आली की दाराला कडुलिंबाचा डहाळा लागतो, घरात तळण नाही, फोडणी नाही, कारण कढईत चरचर झाली तर अंगावरचे फोड आग करतात, असं म्हणतात. पाच-सात दिवस कुणी केस विंचरत नाही, कुणी भांडत नाही. डॉक्टरला बोलवत नाहीत, कारण पाहुणीला घालवायला डॉक्टर बोलावणं शोभत नाही. आणि तिचं नाव रोग म्हणून कुणी तोंडावर घेत नाही.

हे सगळं त्यालाही लहानपणापासून माहीत होतं. त्याला माहीत नव्हतं ते इतकंच, की माणूस माहीत असलेलं कधी शोधत नाही. अंगावर फोड आले तर काय झालं हे फोपनारच्या कुठल्या म्हातारीला मोबाईलला विचारावं लागणार? ताप का आला, किती दिवस राहील, सगळं पाठ. अडतं ते फक्त सुनेचं. तिला मसाला, तडका, तंदूर सगळं येतं. येत नाही ती बिनफोडणीची भाजी. आणि सासूला विचारावं तर ती आईचा उद्धार करणार. म्हणून ती मोरीच्या कोपऱ्यात उभी राहून मोबाईलला विचारते. भोपाळच्या तज्ज्ञांनी चारशे रोगलक्षणं यादीत घातली होती. सून घातली नव्हती.

"रश्मीला निघालेल्या का गं कधी?" निरंजननं विचारलं. उत्तर त्याला माहीत होतं. गल्लीतल्या सगळ्या पोरांना निघाल्या त्या वर्षी त्यानंच रश्मीला महिनाभर देडतलाईला आजीकडे ठेवलं होतं, आणि आपण मुलीला कसं वाचवलं हे पुढे वीस वर्षं सांगितलं होतं. लहानपणी निघाल्या नाहीत तर पोटुशीपणात त्या आईला आणि बाळाला दोघांनाही महागात पडतात, या मजकुराची पत्रकं त्यानं स्वतः गठ्ठे बांधून तालुक्याला पाठवली होती.

रश्मी बाहेरच्या खोलीत झोपाळ्याच्या फुलांचे फोटो बघत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पप्पा, सब्जीच्या रेसिपीवरून तुम्ही माझा फंक्शन कॅन्सल करताय? चेतन तर रोज बोलतो, सब ठीक आहे म्हणून."

चेतन रोज बोलत होता, हे खरं. पण चेतन दिवसभर केळीच्या बागेत आणि मोबाईलमध्ये. घरात कढई चढली का नाही हे त्याला ताटात बघूनही कळलं नसतं.

शुक्रवारी निरंजन साहेबांना भेटला. साहेबांनी नकाशा पुढं ओढला. नकाशा हिरवा होता. पथक लाल ठिपक्यावर जातं, ते म्हणाले, डिझेलसुद्धा लाल ठिपक्यालाच मिळतं. शिवाय कालच आपण त्या गावाचं अभिनंदन केलंय. आज तिथं रोग आहे असं म्हणायचं? "तुम्हारी बीवी के किचन पे सरकारी गाडी नहीं जाती, निरंजनजी."

मग त्यानं विहीणबाईंना फोन लावला. पण सरळ विचारणार काय? शुभकार्याच्या तोंडावर, मुलीच्या बापानं, वरपक्षाला: तुमच्या घरी माता आहे का? हो म्हटलं तरी अपमान, नाही म्हटलं तरी अपमान, आणि तो पुढची पन्नास वर्षं रश्मीनं भरायचा. त्यानं हवेची चौकशी केली, केळीच्या भावाची केली, आणि मग आवाज अगदी साधा ठेवून स्वयंपाकाचं कसं काय चाललंय असं विचारलं. मग वैजयंतीबाई म्हणाल्या, की रविवारी आचारी बाहेरून येणार आहे, व्याहीबुवांनी काळजी करू नये. फोन ठेवल्यावर निरंजन घरातल्या घरात इतका चालला, की फरशी झिजेल, असं कमल म्हणाली. मुलगी जाणार नाही असं त्यानं म्हटलं तर भांडण. सरकारनं म्हटलं तर भांडण नाही. सरकारवर लोक रागावतात, पण सरकारच्या मुलीला कुणी सासुरवास करत नाही.

म्हणजे लाल ठिपका हवा होता. आणि ठिपका कसा उमटतो हे त्यानं अंगावर पावडर पडून बघितलं होतं.

शनिवारी सकाळी ऑफिसला न जाता तो स्कूटरवर फोपनारला गेला. गावाबाहेर, रस्त्याच्या कडेला, केळीचा ट्रक भरत होता. चाळीसेक हमाल घड चढवून सावलीत बसलेले, प्रत्येकाच्या हातात मोबाईल. त्यांचा मुकादम लोटू चेतनच्या बागेतही माल भरायचा, म्हणून ओळखीचा. निरंजननं सगळ्यांना चहा सांगितला आणि आपली मागणी मांडली: प्रत्येकानं मोबाईलवर फक्त एक गोष्ट शोधायची, 'शरीर पर दाने और बुखार'.

हमालांनी चहा खाली ठेवला. लोटूनं डोक्यावरचं फडकं काढलं.

"नाही साहेब. ते नाही जमणार."

"अरे, फक्त टाइप करायचंय."

"तिले रोग म्हणायचं नाही. माझ्या घरी तीन लेकरं निजलेली हायेत, आज चौथा दिवस. तुम्ही मलेच तिचं नाव लिहायले सांगता?"

एवढ्या एका वाक्यात निरंजनला हवी असलेली बातमी मिळाली होती; पण लोटूचं वाक्य नकाशावर उमटत नाही. तो स्कूटरला टेकून उभा राहिला, मग बसला, मग पुन्हा उभा राहिला. चेतनची गाडी यायला एकवीस तास उरले होते. लोटूला त्याची दया आली असावी.

"दुसरं काही चालत नाही का?" त्यानं विचारलं. "मलेरिया?"

"हैजा चालेल," निरंजन हताशपणे म्हणाला.

"मग तसं सांगा ना राजेहो. हैजाचं काही नाही. हैजाले वाईट वाटत नाही."

आणि चाळीस हमालांनी, चहाचे घोट घेत, अत्यंत निर्मळ मनानं आपल्या गावात कॉलरा आणला. एक-दोघांनी तर उपचारही शोधले. पाव्हणा आलाय तर अर्धवट कशाला?

सव्वाबाराला फोपनार लाल झालं. दीडला डिझेल मंजूर झालं. अडीचला गाडी गावात शिरली: ब्लीचिंग पावडरची सहा पोती, जुलाबावरच्या मिठा-साखरेच्या पुड्यांची चार खोकी, आणि पथकप्रमुख म्हणून सिस्टर मनीषा. मनीषा बावीस वर्षं खेड्यात फिरलेली बाई. तिनं पहिल्या दारावरचा कडुलिंब बघितला, दुसऱ्या दारावरचा बघितला, गल्लीच्या टोकापर्यंत नजर टाकली आणि सोबतच्यांना पोती गाडीतच ठेवायला सांगितली. मग चपला काढून, हात जोडून, ती एकेका घरात गेली. हैजाचा तपास करायला आलोय, असं तिनं प्रत्येक दारात सांगितलं. हैजा नाही म्हटल्यावर घरच्यांनी मोकळ्या मनानं आत घेतलं. आत आल्यावर दिसलं ते दिसलं. तिनं कुठलंच नाव उच्चारलं नाही. कागदावर मात्र लिहून घेतलं. बावीस घरं, सदतीस पोरं. दोघांना ताप डोक्यात जायला लागला होता, त्यांना तिनं गाडीत घालून शहरात आणलं. त्यातली एक मुलगी लोटूची.

तेविसावं घर मांडवाचं होतं. पुढच्या दाराला आंब्याचं तोरण होतं. कडुलिंब मागच्या दाराला होता. मागच्या खोलीत रश्मीच्या जावेचा, हिमानीचा, मुलगा पडला होता, चौथ्या दिवसाचा, अंगभर फोड. ओटीचं सामान त्याच खोलीत मांडलेलं, कारण उन्हात नारळ तडकतात. रविवारी रश्मीला तयार व्हायला तीच खोली ठरली होती.

हे मनीषानं फोनवर निरंजनला सांगितलं. निरंजननं रश्मीला सांगितलं. रश्मीनं फुलांच्या झोपाळ्याचा फोटो बंद केला आणि दोन्ही हात पोटावर ठेवले. मग म्हणाली, "पप्पा, पंखा लावा ना जरा." त्याच वेळी चेतनचा फोन आला. कार्यक्रम पुढं ढकललाय, तो म्हणाला, गावात हैजा निघालाय. दीडशे बायकांना तसंच कळवलंय.

मग भूपेंद्रसाहेबांचा आला. भोपाळ खूश होतं. देशात प्रथमच एका यंत्रणेनं एक रोग शोधायला जाऊन दुसरा शोधून काढला होता. तिला आता 'बहुउद्देशीय' म्हणायचं ठरत होतं. फोडणीत्यागाचं पत्रही मागं घ्यायची गरज नव्हती, कारण त्यागाबद्दल ते खरंच होतं. निरंजनच्या नावाची शिफारस साहेब स्वतःच्या नावाच्या खालोखाल करणार होते.

पाच वाजता वैजयंतीबाईंचा फोन आला. निरंजन उभा राहिला. कमल हातातलं काम टाकून जवळ आली. हिशेब उघड होता: मांडव उभा, आचारी सांगितलेला, फुलं वाटेत, आणि गावात कॉलरा आणणारा माणूस मुलीचा बाप. त्याच्या एका शब्दावर रश्मीचं सासरचं सगळं आयुष्य टांगलेलं होतं.

"व्याहीबुवा," त्या म्हणाल्या, "लोटूनं मला सगळं सांगितलंय."

निरंजननं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मला सरळ का नाही विचारलं?"

"विचारलं असतं तर सांगितलं असतं तुम्ही?"

"नसतं सांगितलं," वैजयंतीबाई म्हणाल्या. "कार्यक्रम करू का, असा देवीला कौल लावला होता मी. तिनं उजवं फूल दिलं, म्हणजे होकार. मी म्हटलं, मागच्या खोलीत आहे, कुणाला दिसतंय. दिवसभर तेच मनात फिरत होतं, रात्री डोळ्याला डोळा नाही. आज ती सिस्टर चपला काढून आत आली ना, तेव्हा बरं वाटलं मला. रश्मीला सांगा, तिकडंच राहू दे. पोरगं बरं झालं, सव्वा महिना गेला, की मग बघू. बाळ आल्यावर एकदम बारसंच करू."

निरंजनला खाली बसावंसं वाटलं आणि तो बसला. आणि बसून राहिला, त्या आठवड्यात पहिल्यांदाच. कमलनं पदरानं डोळे टिपले. त्याला काहीतरी मोठं बोलायचं होतं, दोन्ही घरांबद्दल, विश्वासाबद्दल. त्यानं घसा साफ केला.

"आणि हे बघा," वैजयंतीबाई म्हणाल्या, "ती सरकारी गाडी बुधवारी परत येणार म्हणतात. रिकामीच येत असेल. तुमच्या ऑफिससमोरच्या दुकानात माझा मिक्सर दुरुस्तीला टाकलाय, तेवढा तिच्यात ठेवून द्या. आणि झाकण लावून बघा आधी, मागच्या वेळी त्यानं दुसऱ्याचंच दिलं होतं."